शिक्का कुणाच्या हातात? समोरचं अ‍ॅप खरं की खोटं, हे सर्व्हर कसं ओळखतो

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीला परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला. गाडीचं चलान थकलं आहे, पाहायचं असेल तर हे अ‍ॅप उघडा. आणि खाली एक एपीके फाईल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवायची फाईल. मावशीच्या घरी गाडी नाही, त्यामुळे तिला लगेच संशय आला आणि तिनं फाईलला हात लावला नाही. फोन मात्र मला केला. "काऊन रे बाबू, हे खोटं अ‍ॅप सरकारच्या कॉम्प्युटरशी बोलत असन, तर त्या कॉम्प्युटरले समजत नाही काय, का हे आपलं अ‍ॅप नव्हे म्हणून?"

चलानाच्या या फसवणुकीत ते खोटं अ‍ॅप सहसा सरकारी कॉम्प्युटरच्या वाटेला जातच नाही. ते फोनमधले एसएमएस वाचायची परवानगी मागतं, बँकेकडून आलेला ओटीपी गुपचूप चोराकडे पाठवतं, आणि चोर तो ओटीपी तुमच्या नावानं बँकेपुढे ठेवतो. एवढं मी मावशीला सांगितलं. पण तिचा प्रश्न त्याहून मोठा आहे. असा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, कुठंतरी दूर एका बंद खोलीत असतो आणि त्याच्यापर्यंत पोचतात ती नुसती अक्षरं. ती खऱ्या अ‍ॅपनं पाठवली की तिसऱ्याच कुणी, हे तो कशावरून ठरवतो? मी छोट्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. नेमकी याच जागी एकदा माझी चूक झाली आणि भुर्दंड दुसऱ्याला बसला. ते पुढे येईलच.

गांधीबागेतली चिठ्ठी

फोनमधल्या अ‍ॅपला स्वतःचं असं फार थोडं ठाऊक असतं. बैद्यनाथ चौकातून रात्री पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये कुठल्या सीट रिकाम्या आहेत, हे तिकिटाचं अ‍ॅप त्या क्षणी बस कंपनीच्या सर्व्हरला विचारतं आणि आलेलं उत्तर चौकटी काढून तुम्हाला दाखवतं. अशा विचारणेसाठी सर्व्हरनं उघडी ठेवलेली खिडकी म्हणजे वेब सर्व्हिस. खिडकीवर येऊन विचारणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. तो फोनमधलं अ‍ॅप असेल, वेबसाईट असेल, किंवा रात्री दोनला आपोआप चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅमही असेल.

आता गांधीबागेतलं कापडाचं ठोक दुकान डोळ्यांपुढे आणा. सक्करदऱ्याच्या एका किरकोळ दुकानातला पोऱ्या चिठ्ठी घेऊन येतो: दहा थान पॉपलीन द्या, शेठच्या खात्यावर लिहा. गल्ल्यावरच्या माणसाला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पोऱ्या खरंच त्या दुकानाचा आहे का? माल शेठनं स्वतः मागवला का? आणि त्या खात्यावर दहा थानांची उधारी चालते का? पहिला प्रश्न क्लायंटच्या ओळखीचा, दुसरा वापरणाऱ्या माणसाच्या ओळखीचा, तिसरा परवानगीचा. सर्व्हर नकार देताना आकड्यांत बोलतो. ४०१ म्हणजे "तू कोण, ते पटलं नाही". ४०३ म्हणजे "हे तुला मिळणार नाही", मग तू कुणीही अस.

आपण बोलताना हे तिन्ही प्रश्न एकात एक कालवतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथंच होते. लॉगिनला पासवर्ड आहे, वर ओटीपी आहे, म्हणजे झालं, असं वाटतं. पण पासवर्डनं माणूस कळतो. तो पासवर्ड कुठल्या प्रोग्रॅमच्या हातून आला, हे पासवर्ड सांगू शकत नाही.

आधी नाव, मग शब्द

सगळ्यात सोपं म्हणजे क्लायंटनं आपलं नाव सांगणं. प्रत्येक ब्राउझर सर्व्हरकडे जाताना मी अमुक, माझी आवृत्ती तमुक, असं सांगतोच. पण ही ओळ पाठवणाऱ्याच्या हातातली. तिथं वाटेल ते लिहिता येतं. "मी शेठचा माणूस" एवढ्यावर कुणी थान काढून देत नाही.

म्हणून पुढची पायरी, आधी ठरवून ठेवलेला शब्द. सर्व्हिसचा मालक क्लायंट बनवणाऱ्याला तीस-चाळीस अक्षरांची एक आडवीतिडवी ओळ देतो. तिला एपीआय की म्हणतात. आपण किल्ली म्हणू. दर विनंतीबरोबर ती पाठवायची, बस. सोपी आहे म्हणून खूप ठिकाणी हीच पद्धत चालते. खोटही त्या सोपेपणातच आहे: शब्द दर वेळी मोठ्यानं उच्चारावा लागतो, आणि ज्याच्या कानावर पडला तो उद्या तोच शब्द घेऊन खिडकीवर उभा राहील. सर्व्हरच्या नोंदींत उतरला, कुणी मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये पाठवला, एखाद्या प्रोग्रॅमरनं कोडसकट गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर चढवला, की किल्ली गेली. उबरचं २०१६ सालचं प्रकरण असंच होतं. कंपनीच्या इंजिनिअरांच्या खाजगी गिटहब साठ्यात क्लाउडची, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरची, किल्ली पडून होती. ती हाती लागल्यावर ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरांनी उचलली, आणि जगाला ते कळलं २०१७च्या नोव्हेंबरमध्ये.

आणखी एक गैरसमज इथंच मिटवतो. काही सर्व्हिसमध्ये नाव आणि पासवर्ड बेस-६४ नावाच्या पद्धतीनं बदलून पाठवतात. दिसायला ते अगम्य दिसतं, म्हणून नवशिके त्याला कुलूप समजतात. ते कुलूप नाही, मोडी लिपी आहे. ज्याला मोडी येते तो सरळ वाचून टाकतो.

शब्द न उच्चारता

शब्द तोंडातून न काढता तो आपल्याला ठाऊक आहे, एवढंच दाखवता येईल का? येतं, आणि या सगळ्या विषयात मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

समजा शेठ आणि ठोक व्यापारी, दोघांनी मिळून एक गुप्त आकडा ठरवला. चिठ्ठीचा मजकूर आणि तो आकडा एकत्र घेऊन शेठ एक किचकट गणित करतो आणि फक्त उत्तर चिठ्ठीच्या तळाशी लिहितो. आकडा चिठ्ठीवर कुठंच नाही. ठोक व्यापारी आलेला मजकूर आणि स्वतःजवळचा आकडा घेऊन तेच गणित करतो. उत्तर जुळलं तर चिठ्ठी शेठची. पोऱ्यानं वाटेत दहाचे शंभर केले तर उत्तर जुळणार नाही, आणि नवं उत्तर काढायला त्याच्याकडे आकडा नाही.

कॉम्प्युटरवरच्या या गणिताला एचमॅक म्हणतात. १९९७ साली ते इंटरनेटच्या मानकांच्या कागदपत्रांत आलं. त्याची रचना अशी आहे की उत्तरावरून गुप्त आकड्यापर्यंत मागे जाता येत नाही, आणि मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी उत्तर ओळखू येणार नाही इतकं बदलतं. आज सर्रास दिसणाऱ्या प्रकारात हे उत्तर २५६ बिटांचं असतं, म्हणजे लिहून काढलं तर आकडे आणि अक्षरं मिळून ६४.

यात एक भोक उरतं. मधल्या माणसानं चिठ्ठी न बदलता तिची झेरॉक्स काढली आणि संध्याकाळी पुन्हा दिली तर? सही खरीच आहे. म्हणून मजकुरात वेळ आणि पूर्वी न वापरलेला एक क्रमांक घालतात, आणि गणितात तेही धरतात. विनंती, समजा, पाच मिनिटांहून जुनी असली, किंवा तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, की सर्व्हर ती बाजूला टाकतो. या कामात असणाऱ्यांना यातून एक बिघाड हमखास भेटतो: सगळं बरोबर असून सर्व्हिस नाकारत राहते, दिवस जातो, आणि शेवटी कळतं की आपल्या मशीनचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे.

एचमॅकमध्ये आकडा दोघांकडे असतो, त्यामुळे ठोक व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून तो चोरीला गेला तरी अडकतो शेठच. यावरचा उपाय व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून निघाला. किल्ल्यांची जोडी करायची. एकीनं सही करायची आणि ती कुणालाही द्यायची नाही, दुसरीनं सही तपासता येते, ती गावभर वाटली तरी चालते. तपासणाऱ्याच्या घरी चोरी झाली तरी सही करण्याची किल्ली तिथं नसतेच. एरवी एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे सर्व्हरशी होणाऱ्या कुलूपबंद बोलण्यात, फक्त सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो; ही तपासायची किल्ली कुणाची, याचा तो दाखला. बँका आणि मोठ्या कंपन्या एकमेकींशी बोलताना अशी प्रमाणपत्रं दोन्ही बाजूंनी दाखवतात. आधारच्या पडताळणीतही हे दिसतं. सिमकार्डच्या दुकानातलं मशीन थेट प्राधिकरणाच्या सर्व्हरला हाक मारत नाही. विनंती परवाना मिळालेल्या संस्थेमार्फत जाते, तिच्यात परवान्याची किल्ली असते आणि तिच्यावर डिजिटल सही असते.

या साऱ्या पद्धती एका गृहीतावर उभ्या आहेत: गुपित ज्या मशीनवर आहे, ते मशीन आपल्या कुलपात आहे. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा हे खरं असतं.

शिक्का गिऱ्हाइकाच्या घरी

काही वर्षांपूर्वी कळमन्याच्या बाजारातल्या एका संत्र्याच्या अडतियांसाठी मी अँड्रॉइड अ‍ॅप लिहिलं. काटोल, नरखेड, वरुडकडचे शेतकरी गाडी निघाली की त्यावर कळवायचे, आणि गाडी बाजारात किती वाजता लागेल ते अ‍ॅप दाखवायचं. रस्त्याचा हिशेब एका नकाशाच्या सर्व्हिसकडून यायचा. तिची किल्ली मी अ‍ॅपच्या कोडमध्येच लिहिली. आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक सुरू झाली होती, हातात वेळ नव्हता, आणि अ‍ॅप मोजक्या लोकांकडेच तर जाणार, असा माझा विचार होता.

दोन महिन्यांनी अडतियांचा फोन आला. "भाऊ, नकाशावाल्याचं बिल एवढं काऊन आलं? आपल्या गाड्या तं तेवढ्याच हायेत." मी नोंदी उघडल्या. विनंत्या रात्री तीनलाही येत होत्या, आणि रस्ते विचारले जात होते ते अशा शहरांतले, जिथं आमची एकही गाडी कधी गेली नव्हती. किल्ली कुणीतरी अ‍ॅपमधून काढून आपल्या धंद्याला लावली होती. ते बिल त्यांनी भरलं आणि मी पुढच्या कामाच्या पैशांतून वळतं केलं. पण बाजाराच्या ऐन गर्दीत त्या माणसाच्या पोटात आलेला गोळा काही वळता झाला नाही.

किल्ली कशी काढली असेल, ते मी त्याच रात्री स्वतः करून पाहिलं. एपीके फाईल म्हणजे मुळात झिप फाईल. नाव बदलून शेवटी झिप लिहिलं की उघडते. आत चित्रं, याद्या, आणि क्लासेस डॉट डेक्स नावाची एक फाईल, जिच्यात सगळा प्रोग्रॅम असतो. ती मी जॅडएक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात टाकली. डावीकडे फोल्डरांची शिडी उभी राहिली, उजवीकडे माझाच कोड. काही नावं बदललेली, पण वाचता येईल असा. शोधायच्या चौकटीत "की" एवढंच टाइप केलं. चौथ्या ओळीवर ती होती, अवतरणचिन्हांमध्ये, अथपासून इतिपर्यंत. समोरचा चहा अजून गरम होता.

सर्व्हरवरचं गुपित म्हणजे शेठच्या तिजोरीतला शिक्का. फोनच्या अ‍ॅपमधलं गुपित म्हणजे तोच शिक्का हजारो नगांत कोरून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणं. त्यातल्या एकानं जरी तो निरखून पाहिला, तरी सगळ्यांचा शिक्का फुटला. ओ-ऑथ २.० या अ‍ॅपला परवानगी देण्याच्या २०१२ सालच्या मानकानं म्हणूनच क्लायंटांचे सरळ दोन वर्ग केले आहेत: गुपित सांभाळू शकणारे आणि न सांभाळू शकणारे. फोनवरचं अ‍ॅप आणि ब्राउझरमध्ये चालणारं पान दुसऱ्या वर्गात येतात. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१३ मध्ये ट्विटरच्या स्वतःच्या अ‍ॅपच्या किल्ल्या उघड्यावर आल्या आणि कुणाही प्रोग्रॅमला ट्विटरचं अधिकृत अ‍ॅप असल्याचं सोंग घेता येऊ लागलं.

"मग किल्ली नीट लपवा ना"

हे मला प्रत्येक जण सुचवतो. किल्लीचे तुकडे करून चार ठिकाणी ठेवा, नावं बदला, किल्लीलाच कुलूप लावा. पण अ‍ॅपला ती किल्ली वापरायची असते, म्हणजे तुकडे जोडायची रीतही अ‍ॅपमध्येच असणार आणि कुलपाची दुसरी किल्लीही अ‍ॅपमध्येच असणार. दाराला भारी कुलूप आणि चावी पायपुसण्याखाली, असा तो प्रकार. शिवाय विनंती पाठवायच्या क्षणी किल्ली फोनच्या मेमरीत उघडी असतेच. लपवल्यानं चोराचा एखादा दिवस जास्त जातो, तेवढ्यापुरतं लपवावं. ऑगस्त केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना हेच बजावलं होतं: तुमचं यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी अडचण होता कामा नये. फोनमधलं अ‍ॅप तर पहिल्या दिवसापासून परक्याच्याच हाती असतं.

"एचटीटीपीएस आहे, प्ले स्टोअर आहे"

एचटीटीपीएस रस्ता बंदिस्त करतं. तुम्ही आणि सर्व्हर यांच्यामधल्या कुणालाही काही वाचता येत नाही, आणि हे फार मोलाचं आहे. पण इथं चोर रस्त्यात नाही, रस्त्याच्या एका टोकाला बसलेला आहे. फोन त्याचा स्वतःचा. आपल्याच फोनवर आपलंच प्रमाणपत्र बसवून, अ‍ॅप काय पाठवतं आणि काय घेतं, ते तो मधे थांबवून पाहू शकतो. अमुकच प्रमाणपत्र मानायचं, असं अ‍ॅपमध्ये पक्कं करून टाकता येतं. पण ज्याला अ‍ॅप उघडून बदलता येतं तो ती ओळही काढून टाकतो.

मग गूगल किंवा अ‍ॅपलनं ग्वाही द्यावी, की हे खरंच मूळ अ‍ॅप आहे आणि फोनशी छेडछाड झालेली नाही? तशी सोय आहे. गूगलची प्ले इंटेग्रिटी, आणि अ‍ॅपलची २०२० पासूनची अ‍ॅप अटेस्ट. फोनची यंत्रणा स्वतः सही करून सांगते आणि सर्व्हर ती सही तपासतो. हे कामाचं आहे. पैशांचा व्यवहार असेल तिथं मी ते वापराच असं सांगेन. तरीही यावर सगळा भार टाकू नये. ही तपासणी चकवायचे खटाटोप सतत चाललेले असतात. खरं अ‍ॅप खऱ्या फोनवर ठेवून त्याची बटणं प्रोग्रॅमकडून दाबून घेता येतात, तेव्हा ग्वाही खरी आणि हेतू खोटा. आणि जुना किंवा थोडा वेगळा फोन वापरणारा सरळमार्गी माणूस यात उगाच बाहेर राहतो. ग्वाहीला तराजूतलं एक वजन माना.

कुठलं अ‍ॅप, हा प्रश्नच बदला

कळमन्याच्या अ‍ॅपमधून मी किल्ली काढली आणि मधे आमचा एक छोटा सर्व्हर बसवला. शेतकऱ्याचं अ‍ॅप आता आमच्या सर्व्हरला विचारतं, आमचा सर्व्हर नकाशाच्या सर्व्हिसला. नवी किल्ली फक्त आमच्या सर्व्हरवर, आणि ती आमच्याच पत्त्यावरून चालेल असं सर्व्हिसकडे नोंदवलेलं.

चाणाक्ष वाचक म्हणेल, यानं झालं काय? प्रश्न एक घर पुढे सरकला. आता तुमच्या सर्व्हरला भेटायला येणारं अ‍ॅप खरं की खोटं? बरोबर आहे. पण पुढे सरकताना तो बदलला. नकाशावाल्याला आमचे शेतकरी ठाऊक नव्हते, त्याच्यापुढे नुसती एक किल्ली होती. आम्हाला शेतकरी ठाऊक आहेत. हा कोण, त्याचा नेहमीचा फोन हाच का, दिवसात त्याच्या किती गाड्या निघतात, हे आमचा सर्व्हर पाहू शकतो. एखाद्यानं आमच्या अ‍ॅपची हुबेहूब नक्कल केली आणि तीत आपल्या खऱ्या नावानं लॉगिन करून दिवसाला चार रस्ते विचारले, तर माझं काय गेलं? चारशे विचारले, तर सर्व्हर पाचव्यालाच थांबवतो.

फोनची ओळखही आता बरी पटवता येते. अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये आणि आयफोनच्या सिक्युअर एन्क्लेव्हमध्ये किल्ल्यांची जोडी फोनवरच तयार होते. सही करणारी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्ये राहते. अ‍ॅपला तिच्याकडून सही करून घेता येते, पण ती बाहेर काढता येत नाही. म्हणजे सगळ्यांना वाटलेला एकच शिक्का नाही, तर ज्याचा-त्याचा निराळा. फोन हरवला की तेवढा एक शिक्का रद्द. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथं आहे.

माणसाची ओळख आणि अ‍ॅपची परवानगी यांची सांगड घालायला ओ-ऑथ येतं. "गूगलनं लॉगिन करा" असं बटण दाबल्यावर ब्राउझरमध्ये गूगलचं स्वतःचं पान उघडतं, पासवर्ड तुम्ही तिथं देता, आणि अ‍ॅपला पासवर्ड न मिळता एक चिठ्ठी मिळते. तिला टोकन म्हणतात. त्यात म्हटलेलं असतं: या अ‍ॅपला, या माणसाच्या वतीनं, एवढंच काम, एवढ्या वेळापुरतं. शेठनं पोऱ्याच्या हाती तिजोरीची चावी न देता "आज संध्याकाळपर्यंत दहा थान" असं लिहून देणं, तसंच हे.

लॉगिननंतर ब्राउझरकडून अ‍ॅपकडे एक छोटा सांकेतिक आकडा येतो आणि तो देऊन टोकन घ्यायचं असतं. फोनमधलं दुसरं लबाड अ‍ॅप तो आकडा मधेच झेलू शकायचं. २०१५ मध्ये आलेल्या पीकेसीई या पद्धतीनं ती फट बुजवली; बोलताना तिला पिक्सी म्हणतात. फाटक्या नोटेचा व्यवहार आठवा: अर्धा तुकडा आधी समोरच्याकडे ठेवायचा, आणि माल उचलताना उरलेला अर्धा दाखवायचा. कडा जुळल्या तर माल. अ‍ॅप दर लॉगिनला नवी नोट फाडतं. आकडा झेलणाऱ्याकडे दुसरा अर्धा नसतो.

बेअरर चेक आणि यूपीआय

टोकनला तांत्रिक भाषेत बेअरर टोकन म्हणतात, आणि हा शब्द बँकेत गेलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. बेअरर चेक ज्याच्या हातात, पैसे त्याचे. टोकनचंही तसंच, चोरानं उचललं तर त्याचं. म्हणून टोकनचं आयुष्य मिनिटांत किंवा तासांत मोजतात. चेकवर दोन तिरक्या रेघा मारून "अकाउंट पेयी" लिहिण्यासारखी सोयही आता आली आहे. २०२३ सालच्या डीपॉप या मानकात टोकन एका विशिष्ट किल्लीशी बांधलेलं असतं; नुसतं टोकन चोरून चालत नाही, त्याबरोबर त्या किल्लीची ताजी सही लागते.

यातलं बरंचसं तुमच्या रोजच्या हातात आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचं अ‍ॅप पहिल्यांदा लावलं, तेव्हा त्यानं तुमच्या फोनवरून आपणहून एक एसएमएस पाठवला होता, आठवतं? तो तुमच्या सिमची आणि त्या फोनची गाठ मारण्यासाठी होता. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की नोंदणी नव्यानं करावी लागते ती म्हणूनच. आणि पिन टाकायचं पान कुठल्याही अ‍ॅपमध्ये जवळपास सारखंच दिसतं, कारण ते यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं दिलेलं असतं. पिन तिथंच कुलूपबंद होतो आणि अ‍ॅपला तो वाचता येत नाही. फोन, सिम आणि डोक्यातला पिन अशा तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय सहसा पैसा हलत नाही. चोर एसएमएसच्या परवानगीसाठी का धडपडतो, तेही यावरून कळेल.

अ‍ॅप करून घेताना, आणि मावशीसाठी

दुकानाचं, क्लिनिकचं किंवा शिकवणीचं अ‍ॅप करून घेत असाल, तर बनवणाऱ्याला एवढं विचाराच: बाहेरच्या सर्व्हिसच्या किल्ल्या कुठं ठेवल्या? "अ‍ॅपमध्ये" असं उत्तर आलं तर तिथंच थांबवा. किल्ली फुटली तर ती बदलायला किती वेळ लागेल, आणि सगळ्यांना नवं अ‍ॅप घ्यावं लागेल का? बिलाला वरची मर्यादा लावली आहे का? ही मर्यादा लावायला बहुतेक ठिकाणी दहा मिनिटंही लागत नाहीत. आमच्याकडे ती असती, तर अडतियांचं नुकसान पहिल्याच दिवशी थांबलं असतं.

मावशीला मी सांगितलं ते असं. खरा सर्व्हर खोट्या अ‍ॅपला पुष्कळदा अडवतो. पण तू स्वतःच्या हातानं त्याला एसएमएस वाचू दिलेस, तर चोर सर्व्हरपुढे तुझ्याच ओळखीनं उभा राहतो, आणि मग अडवायला कारणच उरत नाही. चलान पाहायचं तर परिवहनच्या साईटचा पत्ता आपण टाइप करून पाहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल उघडू नये, पाठवणारा ओळखीचा असला तरी, कारण त्याचा फोनही चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. लग्नपत्रिकेच्या नावाखालीही अशा फायली फिरतात. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात.

कळमन्याची ती जुनी किल्ली मी लगेच मोडली नाही. नवी घेतल्यावर जुनीची मर्यादा शून्य केली आणि ती कुठून वापरली जाते, ते पाहत बसलो. पहिल्या रात्री तीनच्या सुमाराला नकारांची रांग लागली, एकामागून एक, मिनिटाला कित्येक. आठवड्यानं ती विरळ झाली. आंबियाचा माल संपून पुढच्या, मृग बहाराची संत्री बाजारात उतरली, तरी एखाद-दुसरी विनंती येतच होती. प्रत्येकीपुढे तोच आकडा, ४०३.